कोरड्या नानकटाईतलं तूप

मी पाच किलोचा पत्र्याचा डबा. अंगावर नाव नाही, लेबल नाही. पोटात वनस्पती तूप. मूळचं ते साधं पातळ तेल. कारखान्यात त्यात हायड्रोजन वायू सोडला, तसं ते गोठलं आणि तूप म्हणून मिरवू लागलं. असं अर्धवट गोठवताना ट्रान्स फॅट तयार होतं आणि तेच रक्तवाहिन्यांच्या मुळावर उठतं. कायद्यानं त्याला आता जेमतेम जागा ठेवली आहे. पण बिनलेबलच्या डब्याला कोण विचारतं?

कस्तुराबाईंनी स्वस्त म्हणून मला पिंगळीला घरी आणलं. उन्हाळ्यात मैदा, साखर, तूप घरून न्यायचं आणि परभणीच्या बेकरीतून नानकटाई भाजून आणायची, ही त्यांची रीत. निम्मं तूप तिथंच संपलं.

घरी त्यांचे यजमान, चंद्रभान आबा. गेल्या थंडीत त्यांच्या काळजात स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवली होती. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं, म्हणून रोज चहात सहा नानकटाया बुडायच्या.

सुट्टीला आलेली नात भक्ती रसायनशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आबा, काय खायलाव हे?"

"तळलेलं बंद हाय, भाजलेलं न्हाई. बघ, हाताला तेल तरी लागतंय का?"

"गोठलेलं तूप हाताला कसं लागंल?"

"लय शिकलीस. पोटात प्रयोगशाळा न्हाई माझ्या."

भक्तीनं दोन नानकटाया वर्तमानपत्रावर ठेवून अंगणातल्या उन्हात मांडल्या. दुपारी तूप वितळून कागद असा तेलकट झाला, की मागच्या पानाची अक्षरं पुढून दिसू लागली. आबांनी मागचं पान वाचलं आणि हातातली नानकटाई गुपचूप बशीत ठेवली.

कस्तुराबाईंनी ती बशी ओढून घेतली. "मीच हातानं चारायले गं त्यांना."

"हे तूप रक्तवाहिन्या तुंबवतं, हे तुला कुणी सांगितलंच न्हाई, आज्जी."

"डब्यातलं उरलेलं शेजारच्या सगुणाबाईला देते. फेकवत न्हाई."

"तिच्या नवऱ्याला काळीज न्हाई का?" आबा म्हणाले. "आण तो डबा इकडं."

तेव्हापासून मी त्यांच्या बैलगाडीखाली लटकतोय. माझं तूप आसाला लागतं आणि चाकं बिनकुरकुर फिरतात. इथं मी सुखात आहे. बाबांनो, लेबल नसलेला माझा एखादा भाऊ दुकानात दिसला, तर त्याला स्वयंपाकघरात नेऊ नका. चाकाला रक्तवाहिन्या नसतात.