पहिला उकार

बाळा, माझ्याबरोबर जरा कल्पना कर. तिळाएवढा एक डोळा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर, लेखाच्या तळाशी काढलेला, पापणी न लवणारा, आणि त्याच्या शेजारी आकडा — सात. म्हणजे लेख सात वेळा उघडला गेला. आता त्या डोळ्याकडे टक लावून बसलेले एक आजोबा बघ. चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले. मुलांसाठी शब्दांच्या गमती सांगणारा ब्लॉग ते दर रविवारी लिहितात... आणि मुलं काही येत नाहीत.

सातांतला एक स्वतःचा मुलगा, न वाचताच 'लाइक'चा अंगठा देणारा. एक शाळेतले जुने शिपाई. उरलेले पाच — आजोबांनी मान वळवली — उरलेले पाच ते स्वतःच, रविवारपासून पाचदा उघडून पाहिलेलं. एके काळी वर्गात नुसतं खाकरलं तरी पन्नास माना वर व्हायच्या...

"आजोबा, प्रतिक्रिया आलीय!" दहा वर्षांची नात खुर्चीच्या हातावर चढून बसली आणि वाचू लागली, "'खुप छान सर. पुढचा लेख कधी?' खाली नाव, एक विद्यार्थी."

आजोबांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

कारण ते वाक्य... किती वेळ 'ते आजोबा, ते आजोबा' म्हणत लपू? ते आजोबा मीच. वाक्यही माझंच — मंगळवारी दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत मोबाइलवर खोटं खातं काढून लिहिलेलं. त्या दिवशी ब्लॉग बंदच करायचं ठरवलं होतं. मग वाटलं, कुणी एकानं 'पुढचा कधी' विचारलं तर... आणि कुणी ओळखू नये म्हणून 'खुप'ला पहिला उकार. मुद्दाम. ज्या उकारासाठी चौतीस वर्षं मुलांना शब्द दहा-दहा वेळा लिहायला लावला, गेल्याच आठवड्यात या नातीलाही लावला, ती रडवेली झाली तरी. स्वतःच पाच डोळे झालो, ते एक वेळ हसण्यावारी नेलं असतं. पण मुलं चुकतात, म्हणून आपणही चुकायचं, म्हणजे मूल वाटू... मुलांचीच चूक उसनी घेऊन मी मुलांच्या रांगेत लपलो होतो.

"पहिला उकार!" नात ओरडली. "हा तुमचा विद्यार्थी? नापास!"

"जपून गं," आतल्या खोलीतून माझा मुलगा म्हणाला, "बाबांचा वाचक आहे, एकुलता एक!"

"मी सांगते त्याला नीट." मी नको म्हणेपर्यंत तिची बोटं चालूही झाली. टाइप करता करता ती पुटपुटत होती, "'खूप'ला दुसरा उकार असतो. वाईट वाटून घेऊ नकोस. आमचे आजोबा चुकलं तर रागवत नाहीत, फक्त दहा वेळा लिहायला लावतात."

तिनं 'पाठवा'वर बोट दाबलं, आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात मोबाइल टिंग करून वाजला.

तिनं खिशाकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा खिशाकडे. मी खिशावर हात ठेवला... खोटं ओठांवर तयार होतं — शिपायांचा निरोप असेल, दुसरं काय — 'सर, वही घरी राहिली' इतकंच जुनं आणि इतकंच पातळ. अशी वाक्यं मी लगेच ओळखायचो. कशी? बोलणाऱ्याचे डोळे आधी खाली जायचे.

माझे गेले.

ती खुर्चीवरून उतरली. आता बापाला हाक मारणार, आता दोघं हसणार... मी वाट पाहत राहिलो, आणि पहिल्यांदाच त्या दिवशी पडद्यावरचा आकडा मला दिसेनासा झाला.

तिनं हाक मारली नाही. दप्तरातून वही काढली, कोरं पान उघडलं, समासाची रेघ मारली, वर तारीख घातली. वही माझ्यापुढे सरकवली, पेन्सिलीला टोक करून हातात दिली आणि आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "दहा वेळा हं. मी बघतेय."