काचेवरच्या गुठळ्या

प्रयोगशाळेत तिला सगळे काकूच म्हणत. उंदरांच्या फुप्फुसांचे मेणात बसवलेले तुकडे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचे, काचेवर चढवायचे आणि रंगवायचे, हे तिचं बावीस वर्षांचं काम.

त्या आठवड्यात कॅन्सरच्या पेशी टोचलेल्या उंदरांची फुप्फुसं तिनेच काढली होती. रंग नीट चढलाय का बघायला काकूने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ती थबकली. रक्तवाहिन्यांत अडकलेली एकेक पेशी रक्ताच्या बारीक गुठळीत गुरफटलेली होती. एक नाही, दोन नाही, जिकडे बघावं तिकडे तेच.

"मॅडम, या पेशी गुठळीआड लपतायत. म्हणून तर शरीराच्या पहारेकरी पेशींच्या हाती लागत नसतील?"

संशोधनप्रमुख मॅडमनी मानसुद्धा वर केली नाही. "उंदीर मेल्यावर रक्त गोठलं असेल. फुप्फुसं काढायला उशीर केलात तुम्ही."

उशीर! काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी तिचा चेहरा बघून नवऱ्याने विचारलं, "आज कोणाला कापून आलीस?"

"अजून कोणाला नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या टेबलापाशी ठाण मांडून उभी राहिली. "बारा उंदीर द्या. पेशी टोचायच्या आधी सहांना रक्त गोठू न देणारं औषध, सहांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय दिलं ते पाकिटात बंद. फुप्फुसांत कॅन्सरच्या गाठी किती होतात ते तुम्हीच मोजा. गुठळ्या मेल्यावरच्या असतील तर दोन्हींत फरक दिसणार नाही."

मॅडम हसल्या, पण उंदीर मिळाले.

तीन आठवड्यांनी मॅडम मोजायला बसल्या. पहिलं फुप्फुस गाठींनी खच्चून भरलेलं. दुसरंही तसंच. तिसरं जवळजवळ स्वच्छ. मॅडमनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. बारा काचा संपल्या तेव्हा कागदावर सहा आकडे मोठे होते, सहा अगदीच किरकोळ. पाकीट फोडलं. किरकोळ सहाच्या सहा औषधवाले निघाले.

मॅडम उठल्या आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "बसा काकू. चुकले मी. आता हाच प्रयोग शंभर उंदरांवर करायचा. शोधनिबंधावर तुमचं नाव माझ्या शेजारी."

काकू बसली नाही. तिला बसवेचना. ती तडक जिना उतरून रस्त्यावर आली आणि तिने नवऱ्याला फोन लावला.

"अहो, जिंकले मी!"

चार माणसं वळून बघायला लागली. बघू देत म्हणून तिने आणखी मोठ्याने सांगितलं.