ठकूने पाठ केलेला नंबर

"कार्डाचा नंबर मोठ्याने म्हणू नका हं," दुकानात कार्डाने पैसे घ्यायचं मशीन बसवताना बँकेचा माणूस बजावून गेला होता. मी मान डोलावली आणि सोडून दिलं. फुलांच्या दुकानात कोण चोर टपून बसलाय?

सासूबाई फोनवर ऑर्डर घेत, तेव्हा गिऱ्हाइकाने सांगितलेला नंबर पाढ्यांच्या चालीवर परत म्हणत. चूक नको म्हणून. कार्डामागचे तीन आकडेसुद्धा! दवाखान्यासाठी फुलं मागवणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा तर दर सोमवारी.

एकदा माझी चार वर्षांची ठकू फुलांवर पाणी मारायच्या फवाऱ्याची बाटली फोनसारखी कानाला लावून दुकान-दुकान खेळत होती. त्याच चालीवर, एका दमात, डॉक्टरीणबाईंचा सगळा नंबर! समोर अनोळखी गिऱ्हाइकं.

बाईंना लगेच कळवलं, त्यांनी कार्ड बदललं. मी ठरवलं, यापुढे फोनवर नंबर घ्यायचाच नाही. पैसे भरायची लिंक मोबाइलवर पाठवायची.

सासूबाई फुरंगटल्या. "जन्मात कोणाची काडी उचलली नाही, आता सून मला चोर ठरवतेय!"

"तुम्ही नाही हो आई. पण भिंतीला कान असतात, आणि आपल्या भिंतीला तोंडही फुटलंय."

ठकूकडे बघून त्यांना हसू आवरेना.

मग कार्डांचे नंबर कसे जपतो ते बघायला बँकेची तपासणी आली. नापास झालो तर मशीन परत जाणार, आणि मशीनबरोबर निम्मी गिऱ्हाइकं. तपासनीस स्टुलावर टेकले, तोच फोन वाजला. सासूबाईंचे हात ओले, म्हणून स्पीकरवर.

"मावशी, लिंक-बिंक नको आज. पेशंट आ वासून बसलाय. घ्या नंबर, चार—"

"थांबा बाई! त्याला म्हणावं, मीट तोंड दोन मिनिटं. आणि तुम्हीही मिटा. नंबर माझ्या कानावर घालायचा नाही. लिंक येतेय."

तपासनीस खुदकन हसले आणि ठकूकडे वळले. "आणि या छोट्या शेठाणी पैसे कसे घेतात?"

ठकूने फवारा कानाला लावला.

"हॅलो! नंबर नाही सांगायचा. लिंक पाठवते!"

"पास!" तपासनीस उठतच म्हणाले.

"नात कोणाची आहे!" सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि दुकानातला सगळ्यात टपोरा गुलाब माझ्या केसांत खोचला. मी त्या दिवशी घरी चालत नाही, तरंगत गेले.

तुमच्याही ओळखीत कोणी मावशी, कोणी काका फोनवर ऑर्डरी घेत असतील. आज त्यांच्या दुकानात जरा उभं राहा, ते काय मोठ्याने म्हणतात ते ऐका, आणि नंबर असला तर लिंकचं सांगून या.