पुलापर्यंतची गोष्ट

"आधी मागचं सांग. कुठपर्यंत आलो होतो आपण?" करवतीची वायर सोडवत प्लास्टरमामांनी नेहमीच्या थाटात विचारलं.

टेबलावर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीने ओठ घट्ट मिटले. दंडापासून तळव्यापर्यंत प्लास्टरमध्ये असलेला डावा हात तिने छातीशी कवटाळला होता.

"सांग ना गं! घरी तर डोकं उठवतेस," तिचे बाबा म्हणाले. "मामा, सहा आठवडे हिने आम्हाला दुसरा विषय काढू दिला नाही."

मामांनी वाकून प्लास्टर न्याहाळलं. प्लास्टरवर कोपरापाशी त्यांच्याच अक्षरात एक शब्द लिहिलेला होता: पूल. कुठला पूल, त्यावर कोण आलं होतं, कशाला आलं होतं, यातलं त्यांना अक्षरही आठवत नव्हतं.

हॉस्पिटलच्या या प्लास्टरच्या खोलीत त्यांची चौतीस वर्षं गेली होती. ओल्या पट्ट्या गुंडाळून झाल्या की प्लास्टर घट्ट व्हायला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ पेशंटने हलायचं नाही. लहान मुलाला हलू नको म्हणणं म्हणजे हल म्हणणंच. म्हणून गोष्ट. हे त्यांना शिकवलं त्यांच्या आधी इथे पट्ट्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या ड्रेसरने. त्याचं सांगणं असं, की हात प्लास्टरवर ठेवायचा, डोळे पोरावर आणि कान घड्याळावर. गोष्ट दहाव्या मिनिटाला तोडायची. भीतीच्या जागी तोडली तर पोर रात्री रडतं, आनंदाच्या जागी तोडली तर विसरून जातं. कुणीतरी दार ठोठावलंय आणि अजून उघडलेलं नाही, अशा जागी तोडायची. उरलेली अर्धी प्लास्टर काढताना. मग करवतीला घाबरणारं पोरही पुढचं ऐकायला स्वतःहून टेबलावर चढतं.

मामांनी त्यात स्वतःची एक भर घातली होती. गोष्ट जिथे थांबली तिथला एक शब्द ते प्लास्टरवर पेन्सिलीने लिहायचे. मोठी माणसंही त्यात अडकली. पाय मोडलेल्या एका मुख्याध्यापिकेने "मला नको असलं काही" म्हणून तोंड फिरवलं होतं, तरी अर्धी गोष्ट तिच्या कानावर पडलीच. प्लास्टर काढल्याच्या दुसऱ्या दिवशी बाई "सहज इकडून चालले होते" म्हणत उरलेली अर्धी ऐकायला हजर! एकदा तर मामांनी एका बेकरीवाल्याला चुकून दुसऱ्याच गोष्टीची, घड्याळजीच्या गोष्टीची, उरलेली अर्धी सांगितली. बेकरीवाला खवळला. "माझी म्हैस कुठे गेली?" म्हणून त्याने खोली डोक्यावर घेतली. मामांनी तिथल्या तिथे घड्याळाच्या दुकानात म्हैस शिरवली, आणि तो हसता हसता टेबलावरून पडता पडता वाचला. काय दिवस होते ते! डोक्यात तीस-तीस अर्ध्या गोष्टी एकदम नांदायच्या आणि एकीचा पाय दुसरीत अडकला तरी मजाच यायची.

मजा गेल्या वर्षी संपली. रोज संध्याकाळी चहा घेताना ते बायकोला दिवसभरातल्या गोष्टी सांगायचे. एक दिवस ती कप खाली ठेवून हळूच म्हणाली, "अहो, ही काल सांगितलीत. परवाही."

"मग काय झालं? चांगली आहे म्हणून सांगितली."

"लिहून ठेवत जा ना थोडं."

"गोष्ट म्हणजे काय वाणसामान आहे का, यादी करायला?" मामा उखडले. तिने लगेच विषय बदलला, आणि तिने वाद घालू नये याचंच त्यांना जास्त लागलं.

तेव्हापासून ते "मागचं सांग" या प्रश्नावर तगून होते. पूर्वी हा प्रश्न पोराची फिरकी घ्यायला असायचा. आता पोरं सांगायची, मामा ऐकायचे, धागा हाती लागला की पुढचं रचायचे. कुणाला पत्ता लागला नव्हता. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. एकही गोष्ट अर्धी ठेवून जायचं नाही, म्हणून दीड महिन्यापासून त्यांनी नवी गोष्ट सुरू करणं बंद केलं होतं. बाहेर फिरणारी शेवटची अर्धी गोष्ट या मुलीच्या हातावर होती. ती एकदा पुरी केली की सुटलो, असं ते स्वतःला रोज बजावत होते.

त्यांनी नियमाप्रमाणे बाबांना बाहेर बसवलं आणि दार लोटलं. करवत सुरू करून आधी स्वतःच्या तळव्याला लावून दाखवली. "बघ, कापत नाही. नुसत्या गुदगुल्या करते. हां, तर काय झालं, ते गाढव पुलापाशी आलं..."

"गाढव नव्हतंच!" मुलगी पहिल्यांदा बोलली.

"नव्हतं? बरोबर. मी बघत होतो, तुझं लक्ष आहे का. तर तो हत्ती..."

मुलगी हसली नाही. तिने त्यांच्याकडे असं रोखून पाहिलं, की मामांनी करवत बंद केली. चौतीस वर्षांत या टेबलावरून कुणी त्यांच्याकडे असं पाहिलं नव्हतं. आणखी एखादं जनावर पुढे करावं असं क्षणभर वाटलं, पण ते त्यांनी सोडून दिलं. ते स्टुलावर बसले.

"बाळ, मी विसरलो," ते म्हणाले. "खरंच विसरलो. खूप आठवून पाहिलं, पण नाही आठवत."

हे वाक्य त्यांनी बायकोलाही कधी म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर डोळे भरून आले, आणि पोरीसमोर कसलं रडायचं, म्हणून त्यांनी उगाच कापसाचा गुंडाळा उचलून परत ठेवला.

मुलीचं तोंड उघडंच राहिलं. "असं कसं विसरलात? तुमचीच गोष्ट आहे ना?"

"माझीच."

"अहो, टपालवाला होता!" ती तावातावाने पुढे सरकली. "त्याच्याकडे एक पत्र होतं आणि त्याच्यावर नावच नव्हतं. मग तो सगळ्यांच्या घरी जाऊन विचारतो, हे तुमचं का? आणि सगळे म्हणतात, हो, आमचंच! मग तो पुलावर येतो, तिथे एक म्हातारा बसलेला असतो. म्हाताऱ्याला विचारतो तर तो म्हणतो..."

"काय म्हणतो?"

"इथंच तर तुम्ही थांबलात!" मुलगी रागाने म्हणाली. मग आवाज उतरवून कबुली दिल्यासारखं बोलली, "पण मला दम निघेना. मी पुढची केली. सांगू?"

"सांग," मामा म्हणाले. "हात मात्र असाच ठेव."

त्यांनी करवत सुरू केली. मुलीची गोष्टही सुरू झाली. म्हातारा म्हणाला, हे पत्र माझं नाही. टपालवाला चक्रावला, कारण नाही म्हणणारा तो पहिलाच. मग म्हाताऱ्याची एक मांजर निघाली, मांजरीला शाळा निघाली आणि शाळेत मुलीची स्वतःची मावशी शिकवायला आली. धागा सतरा ठिकाणी गुंतत होता. कुठे खेचायचं, कुठे सोडायचं, हे मामांच्या हातांना कळत होतं, पण ते एका शब्दानेही मध्ये पडले नाहीत. पांढरी भुकटी उडत होती. बाहेरचा काप झाला. त्यांनी तिचा हात अलगद वळवून आतला काप घेतला. तिने हाताकडे एकदाही पाहिलं नाही.

दोन्ही काप पुरे झाले, तेव्हा टपालवाला अजून पुलावरच होता.

आता करवत बंद करायची, प्लास्टरचे दोन भाग फाकवायचे आणि कापूस कातरायचा. हात मोकळा दिसला की ती बाबांकडे धूम ठोकणार. मामांनी करवत बंद केली नाही. प्लास्टरपासून वीतभर दूर, नुसत्या हवेत, ती तशीच गुरगुरत धरून ठेवली.

दार उघडून सिस्टर आत डोकावल्या. "मामा, बाहेर अकरा जण..." म्हणता म्हणता त्यांची नजर दोन्ही बाजूंनी कापून झालेल्या प्लास्टरवर गेली आणि मग हवेत फिरणाऱ्या करवतीवर. अठरा वर्षं त्या या खोलीशेजारी काम करत होत्या. त्यांनी आवाज न करता दार ओढून घेतलं.

मुलगी श्वास घ्यायला थांबली. संध्याकाळपर्यंत ही गोष्टसुद्धा आपल्या डोक्यातून जाणार, हे मामांना ठाऊक होतं. ते स्टूल ओढून तिच्या आणखी जवळ बसले.

"मग?" त्यांनी विचारलं.