उजवा हात आधी

बाईंच्या नाचाच्या क्लासात एक नियम होता. महिना संपला की प्रत्येक मुलीनं वहीत तीन गोष्टी लिहायच्या: काय आलं, काय राहिलं, पुढे काय. वर्ष संपलं की हेच तीन प्रश्न सबंध वर्षाचे. ज्या मुलीची वही येणार नाही ती वरच्या गटात जाणार नाही, मग ती भोवऱ्यासारखी गिरकी का घेईना. मुली मेल्या हुशार. निम्म्या जणी क्लासच्या जिन्यात बसून एकमेकींच्या वह्यांत बघून उतरवायच्या. एकीनं तर "हात आले, पाय राहिले, पुढे पाय" असं सलग तीन महिने लिहिलं होतं. बाईंनी तिला महिनाभर हात कमरेवर ठेवून नुसते पाय करायला लावले, तेव्हा कुठे तिनं कानाला खडा लावला.

शेपटीची वही उद्या द्यायची होती. शाळा झाली, क्लास झाला, साडेपाचला ती घरी येऊन जेवायच्या टेबलापाशी बसली आणि तिनं पेन्सिलीनं लिहून टाकलं. काय आलं: उजवं. काय राहिलं: काही नाही. पुढे काय: नाच सोडणार.

शेपूट हे तिचं घरातलं नाव. ताईपेक्षा ती पाच वर्षांनी लहान, आणि पाय फुटल्यापासून ताईच्या मागे मागे. ताई न्हाणीघरात गेली तरी ही दाराबाहेर बसून राहायची. बाबांनी एकदा चेष्टेत म्हटलं, आली बघ शेपूट, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता ती चौदा वर्षांची होती. जिच्या मागे जायचं ती ताई आठ महिन्यांपूर्वी गेली. तरी घरात कुणाला दुसरं नाव सुचलं नव्हतं, आणि तिलाही ते टाकून द्यावंसं वाटलं नव्हतं.

ताई बाईंची लाडकी. सहा वर्षांची असल्यापासून त्या क्लासात. आई तिला घेऊन जायची आणि मागच्या बाकावर बसून राहायची. सोळाव्या वर्षी ताईचा गुडघा दुखायला लागला. नाचणाऱ्या मुलीचा गुडघा दुखतो, त्यात काय एवढं, असं सगळेच म्हणाले. बाई म्हणाल्या, बाबा म्हणाले, पहिला डॉक्टरही तेच म्हणाला. दुसऱ्यानं फोटो काढला तेव्हा हाडात गाठ दिसली. मग दवाखाने, ऑपरेशन, औषधं, आणि त्यानंतर ताई जी खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसली ती दोन वर्षं. त्या खुर्चीवर जरा टेकलं की ती कुरकुरायची. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे. अख्ख्या गावाच्या लिफ्टा त्यांच्या हातून गुमान वरखाली व्हायच्या, पण घरच्या खुर्चीची कुरकुर काही त्यांना थांबवता आली नाही. ताई म्हणायची, राहू द्या हो बाबा, मला तेवढीच सोबत.

दवाखान्याच्या खर्चापायी आई आता चष्म्याच्या दुकानात कामाला लागली होती, सहाला यायची. म्हणजे दुपारी शाळा सुटल्यापासून ताईजवळ शेपूट. क्लासही नेमका त्याच वेळी, त्यामुळे शेपटीला तो मिळणं शक्यच नव्हतं. ताईच्या जिवाला ते लागलं. आपल्या पायी हिचं अडायला नको, म्हणून तिनं खुर्चीत बसूनच शिकवायला घेतलं. स्वतः हात करून दाखवायची, पाय तोंडानं सांगायची, ताल खुर्चीच्या हातावर बोटांनी धरायची. बाईंनी बसवलेला तो मोठा नाच, सतरा मिनिटांचा, तिनं तुकड्यातुकड्यानं शेपटीच्या अंगात उतरवला. उजवं-डावं कधी म्हणाली नाही. "हा हात," म्हणायची, आणि आपला उचलायची. समोर उभी असलेली शेपूट त्याच बाजूचा आपला हात उचलायची.

आलं ना लक्षात? शेपटीच्या नाही आलं.

ताई गेल्यावर महिन्याभरानं बाबा शेपटीला घेऊन क्लासात गेले. बाई म्हणाल्या, येतंय तेवढं दाखव. तिनं सतराच्या सतरा मिनिटं करून दाखवलं. एरवी बाई काठीनं फळीवर ताल धरतात, पण अर्ध्यात त्यांची काठीच थांबली. शेवटी त्या तिथेच खाली बसल्या. "एकही चूक नाही," त्या म्हणाल्या. "पण सगळंच उलटं आहे गं. कुणी शिकवलं, समोर बसून?"

उत्तर त्यांना माहीत होतं. विचारून त्यांनाच कसंसं झालं असावं, कारण त्या उठून उगाचच खिडकी लावायला गेल्या.

पुढचे सात महिने शेपटीचे नुसते हाल. रांगेत सगळ्यांचा उजवा हात वर जायचा तेव्हा हिचा डावा, आणि तो शेजारणीच्या नाकावर. सगळ्या तिकडे वळायच्या, ही इकडे. मुलींनी तिला डावखुरी म्हणायला सुरुवात केली, कुणाच्या जिभेला हाड असतं का? बाईंनी तिच्या उजव्या मनगटात केसांचं रबर अडकवलं आणि बजावलं, हा हात आधी, बाकी सगळं विसर. पण विसरायचं कसं? कोरी पाटी असती तर बाईंनी दोन महिन्यांत गिरवून घेतली असती. इथे आधीचं सुरेख अक्षर पुसायचं होतं. घरी येऊन ती रबराच्या हातानं ताट वाढायची, रबराच्या हातानं दार उघडायची. डावा हात पाठीमागे ओढणीनं बांधूनसुद्धा बघितला. बाईंनी सांगून ठेवलं होतं, वर्षाच्या आत सरळ झालं तर वरच्या गटात, नाहीतर पहिल्यापासून लहानग्यांबरोबर. तिला वरच्या गटात जायचंच होतं. ताई त्या गटात होती.

आणि आज ते झालं. पहिल्या ठोक्याला हात वर गेला, उजवा, मनगटात रबर नसताना. सतरा मिनिटं कुणाच्या नाकाला धक्का न लागता पार पडली. "आलं," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकायला मुली वर्षभर तरसतात. "आता अंगात बसलं. आता विसरू म्हटलंस तरी विसरणार नाहीस."

शेपूट खूश झाली, खोटं कशाला सांगा. चपला घालायला जिन्यापर्यंत गेली तोवर खूश होती. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती परत फिरली. खोली रिकामी झाली होती. ती आरशासमोर उभी राहिली, डोळे मिटले, ती खुर्ची, ती बोटं मनासमोर आणली, आणि ताईनं शिकवलेलं तसंच्या तसं करायला घेतलं. हात वर गेला. डोळे उघडून बघते तर उजवा. पुन्हा केलं, पुन्हा उजवा. मुद्दाम डावा उचलला तर पुढचं पाऊलच सुचेना. दोन वर्षं रोज दुपारी जे घोटलं होतं ते अंगातून साफ निघून गेलं होतं. ताईचं म्हणून तेवढंच तिच्यापाशी उरलेलं. कपडे आईनं देऊन टाकले होते, औषधांच्या बाटल्या बाबांनी फेकल्या होत्या, आणि हे आता तिनं स्वतःच्या हातानं, सात महिने राबून, पुसलं होतं. जिन्यात चपलांच्या ढिगाशेजारी बसून ती हुंदके देत रडली.

म्हणून तिनं नाच सोडणार असं लिहिलं. ती ते करणारच होती, नुसतं लिहिण्यापुरतं लिहिलं नव्हतं.

पण पेन्सिलीचं बाई वाचत नाहीत. पेन सापडेना. स्वतःचं शाळेत राहिलं होतं, बाबांचं त्यांच्या खिशात. उरला ताईचा खण. तो आठ महिन्यांत कुणी उघडला नव्हता, जसं त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं, साधी वाळलेल्या कपड्यांची चळतसुद्धा कुणी तिथे ठेवत नसे. पेन घ्यायचं आणि खण लावायचा, असं ठरवून तिनं तो ओढला. पेन होतं. पेनाखाली ताईची क्लासची वही होती.

पुढची पानं ओळखीची होती. काय आलं, काय राहिलं. गुडघ्यापाशी ती थांबली होती. मग दोन पानं कोरी, आणि त्यानंतर पुन्हा तेच तीन प्रश्न, पण वर नाव लिहिलेलं: शेपूट.

"काय आलं: पहिला तुकडा. काय राहिलं: उजवं-डावं. मी समोर बसते म्हणून सगळं उलटं उचलतेय. पुढे काय: माझ्याकडे पाठ करून उभी राहा असं सांगायचं."

पुढच्या महिन्याचं: "काय आलं: दुसरा तुकडा, गिरकी. काय राहिलं: तेच. सांगितलं नाही. पाठ केली की तोंड कसं दिसणार? गिरकी जमली की जीभ बाहेर काढते वेडी. पुढे काय: पुढच्या महिन्यात नक्की."

त्याच्या पुढच्या महिन्यातही पुढच्या महिन्यात नक्की. असे वीस-बावीस महिने. अक्षर लहान होत गेलेलं, ओळी उतरत गेलेल्या. शेवटच्या पानावर इतकंच होतं: "काय आलं: सगळं. काय राहिलं: मी सांगायचं. पुढे काय: बाई सांगतील. शिव्या त्यांनाच बसू देत, मला नकोत."

शेपटीला आधी आला तो राग. म्हणजे हिला माहीत होतं! सात महिने लोकांच्या नाकांवर हात आपटले, डावखुरी म्हणवून घेतलं, ते कशापायी? तर हिला तोंड बघायचं होतं. तिनं वही टेबलावर आपटली. मग पुन्हा उघडून जिभेची ओळ वाचली, आणि पुन्हा वाचली, आणि राग कुठच्या कुठे गेला. रोज दुपारी ताई आपल्याला शिकवते आहे असं तिला वाटायचं. ताई तिला डोळे भरून बघून घेत होती, कारण किती दिवस बघायला मिळणार हे तिला ठाऊक होतं.

"पाठ करायची होती ना," ती खुर्चीला म्हणाली. "घे, केली."

टेबल सरकवून तिनं जागा केली. खुर्चीकडे पाठ करून, भिंतीसमोर ती उभी राहिली. उजवा हात आधी. ताल तोंडानंच धरला. पहिला तुकडा झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात दार वाजलं, आईची किल्ली फिरली. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. शेपूट थांबली नाही. एकदा सुरू केलेला नाच मध्ये सोडायचा नाही, हाही बाईंचाच नियम. आई काहीतरी बोलेल, भाजी आणलीस का विचारेल, असं तिला वाटलं. त्याऐवजी थोड्या वेळानं मागे खुर्ची कुरकुरली.

आठ महिन्यांनी तो आवाज. ताल चुकता चुकता राहिला, पण तिनं शेवटपर्यंत नेलं, हात खाली आणले, श्वास घेतला.

"ती अश्शीच करायची," आई मागून म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता. "दहा वर्षं त्या बाकावर बसून मी तिची पाठ बघितली. अगदी अशीच. मान पण तशीच."

तेव्हा शेपटीच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण पुसलं असं वाटत होतं ते ताईचं नव्हतंच, ते फक्त ताईच्या समोर उभं राहणाऱ्या मुलीचं होतं. ताईचं ते हे, आत्ता पाठमोरं केलेलं. तिला हे आईला सांगायचं होतं, वही दाखवायची होती, आईच्या गळ्यात पडायचं होतं. ती वळणार, एवढ्यात आई घाईघाईनं म्हणाली,

"वळू नकोस."

शेपूट थांबली.

"एवढं ऐक माझं. आणखी एकदा कर. पण वळू नकोस गं."

चौदा वर्षांच्या मुलीला हे लागायचं तसं लागलं. आईला आत्ता आपलं तोंड नको आहे, हे न कळण्याइतकी ती लहान नव्हती. ती तशीच उभी राहिली. भिंतीवरचा पोपडा बघत राहिली. उद्याच्या वहीतली ती तिसरी ओळ खोडायला लागणार होती. तिथे काय लिहायचं ते तिला कळलं: रोज संध्याकाळी, आई आली की, एकदा, पाठमोरं. बाई काय म्हणतील ते म्हणोत.

तिनं उजवा हात उचलला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मागे आई रडत होती, आवाज न करता, पण खुर्ची कुरकुरून सगळं सांगत होती. दुसऱ्या तुकड्यातली गिरकी आली तेव्हा ती इतकी झर्रकन आणि स्वच्छ घेतली गेली की शेपटीची जीभ आपसूक बाहेर आली. गिरकीत तोंड क्षणभर खुर्चीकडे आलं, पण आईनं त्या वेळी डोळे पुसायला पदर तोंडावर घेतला होता, त्यामुळे ती जीभ कुणीच बघितली नाही.