बायनाचा जिता फोटो

आमच्या ह्यांच्या कादंबऱ्यांची कुणी तारीफ केली की माझं टाळकं सरकतं. परवा मोंढ्यातल्या एका शेठाणीनं हळदीकुंकवाला मला धरून बसवलं आन् म्हणली, "वैनी, काय लिहितात हो तुमचे मालक! खुनी असा सापडतो, असा सापडतो, की अंगावर काटा येतो." मी म्हणलं, "बाई, कुंकू लावा आन् मला जाऊ द्या." तिला वाटलं, बाई लई गर्वाची हाय. वाटू द्या.

ह्यांचं नाव काही मी घेणार न्हाई. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं पुरे झालं. बीडमधे सगळे 'फोटोवाले' म्हणूनच ओळखतात. हैदराबादला एका फोटोवाल्याच्या हाताखाली राहून शिकले, येताना मोठा कॅमेरा घेऊन आले आन् कारंज्याजवळ दुकान थाटलं. पुढं बैठक, मागं अंधारी खोली, वर आमचं बिऱ्हाड. जित्या माणसांचं गिऱ्हाईक कमी. फोटो काढला की आयुष्य घटतं म्हणायचे लोक, आन् माणूस मेलं की मात्र धावत यायचे. मानमोडीच्या तापात, घरोघरी माणसं मरत होती तेव्हा, तर ह्यांना जेवायला सवड नव्हती.

मेलेल्या माणसाला भिंतीला टेकवून बसवायचं, पाठीशी वाकळ लावायची, फोटो काढायचा. फोटो आधी काचेवर उमटायचा, मग तिच्यावरून कागदावर; म्हणून घरी येऊन आधी काचेवर सफाई. बारीक पेन्सिलीनं गालांचे खड्डे बुजवायचे, डाग घालवायचे, आन् मिटलेल्या पापण्या खरवडून तिथं उघडे डोळे काढायचे. डोळे असे की माणूस आत्ता बोलंल. त्या डोळ्यांपायी मांजरसुंब्याचे लोक गाडी जुंपून ह्यांना न्यायला यायचे.

दुसरा नाद खबरा लिहायचा. आपल्या रियासतीत सरकारविरुद्ध अक्षर छापायची कुणाची छाती नव्हती, म्हणून हे पुण्याच्या एका साप्ताहिकाला लिहायचे. मोटारवाला ओळखीचा होता, तो रियासतीबाहेर, नगरला जाऊन टपालात टाकायचा. कुण्या अमिनानं, म्हणजे फौजदारानं, कुणाला विनाकारण बडवलं, कुण्या गावात पाण्यावरून काय झालं, असलं सगळं. मला लई अभिमान वाटायचा, खोटं कावून बोलू? माझ्या माहेरी सांगायचे मी, की आमचे मालक कुणाच्या बापाला भीत न्हाईत.

त्या वर्षी नांदूरघाटाच्या पलीकडच्या एका देशमुखाकडं नातवाचं बारसं होतं. गावाचं नाव नको, त्यांची माणसं हायेत अजून. हे फोटो काढायला गेले आन् रात्री वाड्यावरच मुक्काम केला. सकाळी उठून बघतात तर धाकटी सून मेलेली. बायना तिचं नाव. पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडली म्हणले. सासरच्यांनी तिला न्हाऊ घालून, हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून तयार ठेवली होती. बाप शेजारच्या गावचा, आश्रुबा. तो पळत आला आन् कॅमेरा बघून ह्यांच्या पायावर पडला. "मालक, माज्या लेकीचा एकबी फोटो न्हाई. जिती दिसंल आसा काढा." देशमुखाला नाही म्हणता येईना. चार माणसांत नाही कसं म्हणणार?

तिला बसवताना पदर घसरला. हे काळ्या फडक्याखाली होते, तिथनंच दिसलं ह्यांना. गळ्याभोवती दोरीचा वळ, काळानिळा, ह्या कानापासून त्या कानापर्यंत. बायांनी झटकन पदर वर ओढला, पण तोवर वळ काचेवर उतरला होता. आश्रुबानंही पाहिलं होतं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

घरी आले ते पेटलेले. "खून हाय, धडधडीत खून हाय," म्हणत बैठकीत बसले आन् एका बैठकीत खबर लिहिली. दोरीचा वळ, तिचा नवरा म्हणजे देशमुखाचा धाकटा पोरगा, सगळं लिहिलं. वर असंही लिहिलं, की ह्याचा पुरावा फोटोच्या काचेवर हाय. मोटारवाला निघालाच होता, त्याच्या हाती दिलं. मग चहा घेतला आन् मागच्या खोलीत गेले.

बाहेर आले ते हसत. ओला कागद माझ्यापुढं धरला. "बघ, पोर कशी आत्ता बोलंल अशी दिसती. बापाला बरं वाटंल." खरंच, काय डोळे काढले होते! टपोरे, थोडे पाणी आल्यासारखे. मी बघितलं, पुन्हा बघितलं, आन् विचारलं, "आहो, वळ कुठंय?"

देवाशपथ सांगते, त्यांना तोवर सुचलंच नव्हतं. खबर ही खबर, फोटो हे काम. काम हातात आलं की हात आपोआप चालतो. इतकी वर्षं मेलेल्यांचे डाग पुसत आलेला तो हात. बैठकीत बसून ज्या पोरीचा खून लिहिला, त्याच पोरीची मान मागच्या खोलीत जाऊन साफ केली. तसेच धावत आत गेले, काचेवरची पेन्सिल धुऊन काढायला लागले. रागात, घाईत, गरम पाण्यानं. काचेवरचा फोटोचा मसालाच सुटून आला. मानेच्या जागी नुसती कोरी काच राहिली.

राहिले ते सफाईनंतर छापलेले कागद. आश्रुबा आला तेव्हा त्यातला एक त्याला दिला. दुसरं काय देणार? शेजारच्या जमीलनं त्याला चौकट करून दिली. आश्रुबानं फोटो छातीशी धरला आन् हमसून हमसून रडला.

खबर छापून आली आन् इकडं धुरळा उडाला. वरून हुकूम आला, चौकशी करा. बीडच्या अदालतीत आश्रुबा उभा, हे उभे. देशमुखाचा वकील लई पोचलेला. त्यानं आश्रुबाच्या काखेतली चौकट मागून घेतली आन् सगळ्यांना दाखवली.

"फोटो तुम्हीच काढला?"

"हो."

"पोरगी जिती हाय का मेलेली?"

"मेलेली."

"पण ही तर माझ्याकडं बघतीय!"

अख्खी अदालत हसली. ह्यांनी सांगायचा प्रयत्न केला. डोळे मी काढले, वळ मी पुसला, आमच्या धंद्यात असंच करतात. वकील म्हणला, "म्हणजे तुम्ही खोटे डोळे काढता, खरे वळ पुसता. मग तुमची खबर खरी कशावरून धरायची, साहेब?"

आश्रुबानं वळ पाहिला होता, पण बापाचं कोण ऐकतं? मुकदमा निकालात निघाला. साप्ताहिकानं माफी छापली आन् ह्यांच्याशी संबंध तोडला. ह्यांना बोलावून सांगितलं गेलं, की पुन्हा एक ओळ लिहिलीत तर बायकापोरांसकट रियासतीबाहेर जावं लागंल. देशमुखाच्या पोरानं त्याच वर्षी दुसरं लग्न केलं. मिरवणूक बघितलेल्यांनी येऊन आम्हाला वर्णन करून सांगितलं, आमी विचारलं नसताना.

ह्यांनी कॅमेऱ्यावर जे फडकं टाकलं ते काढलंच न्हाई. दिवसेंदिवस भिंतीकडं तोंड करून बसायचे. मग एके दिवशी पुण्याच्या एका प्रकाशकाचा माणूस आला, म्हणला खबरा नको तर गोष्टी लिहा, खुनाच्या लिहा, खपतात. गोष्टीला कोण बंदी घालतंय? मला वाटलं, बरं झालं, माणूस उठून बसंल. उठून बसलाही. पण लिहिलं काय, तर तेच! एक वाडा, एक विहीर, एक सून. नावं बदलायची, गाव बदलायचं, पोरगी तीच. आन् शेवटच्या पानावर गुप्तहेर कोटाच्या खिशातून फोटोची काच काढतो, उजेडात धरतो, गळ्याचा वळ सगळ्यांना दिसतो, खुनी गुडघ्यावर येतो आन् फाशी जातो. प्रत्येक पुस्तकात फाशी. लोक रांगा लावून घ्यायचे. देशमुखाच्या वाड्यातसुद्धा पुस्तकं जायची म्हणे, आन् धाकट्याला लई आवडायची. हे कळलं त्या दिवशी ह्यांनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला बसले. मी एकदा चिडून म्हणलं, "किती वेळा फाशी देणार हो त्याला?" तर म्हणले, "होईल तवर."

मागच्या भादव्यात, दुपारची, दारात आश्रुबा उभा. पार वाळून गेलेला, पण तोंड फुललेलं. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. मी पाणी दिलं, हे लिहिता लिहिता उठून आले.

"मालक, मास्तरनं वाचून दावलं समदं," आश्रुबा म्हणला. "मारुतीच्या देवळात सरावनाची पोथी सपली, मंग तुमचं पुस्तक लावलं. बाया रडल्या. नाव येगळं घातलंया, पर ती बायनाच व्हती. काच घावली म्हनं! लई बेस झालं. म्या घरी दिवा लावला."

ह्यांनी हातातला टाक खाली ठेवला.

"त्यो आजून वाड्यातच हाय. कालच बगितला, घोड्यावर. म्हनून इचारायला आलो. फाशी कवा हाय?"

मीच पुढं झाले. म्हणलं, "बाबा, ती गोष्ट हाय."

"गोष्ट म्हंजी?"

"मनानं रचलेली. झालेली न्हाई."

"छापलीया की, बाई!" तो माझ्यावरच रागावला. "छापलेलं खोटं आसतंय व्हय? देवळात वाचलंय, लोकांनी हात जोडले. मालक, तुमी सांगा. काच कुटं हाय? एकदा दावा मला."

ह्यांनी मान आडवी हलवली. आश्रुबा बघत राहिला. त्याला कळत गेलं तसा तो खाली खाली बसत गेला, भिंतीला टेकला. आमी दोघं उभे. असा राग आला मला त्या पुस्तकांचा, वाटलं सगळी चुलीत घालावी. देशमुखाच्या पोराला काही झालं न्हाई आन् ह्या म्हाताऱ्याला घरात दिवा लावायला लावला!

मग त्यानं काखेतलं फडकं सोडलं. तोच फोटो, जमीलच्या चौकटीतला. "मंग येक करा," तो म्हणला. "हिचे डोळे मिटून द्या. म्याच म्हनलं व्हतं, जिती दिसू द्या. इतकी वर्सं बगती माज्याकडं. जेवाया बसलो का बगती. आता न्हाई सोसत."

ह्यांनी चौकट उचकटली, मागच्या खोलीतून ब्रश आन् रंग आणला. एक पापणी, मग दुसरी. बायना निजली. आश्रुबानं सुस्कारा टाकला आन् हात पुढं केला, पण ह्यांनी फोटो दिला न्हाई. पुन्हा ब्रश बुडवला. काळा, त्यात थोडा निळा. ह्या कानापासून त्या कानापर्यंत, सावकाश, जसा होता तसा वळ काढला. मी तो कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला.

आश्रुबानं फोटो गुडघ्यावर ठेवला. गळ्याशी बोट नेलं, लावलं न्हाई. "ह्योच," म्हणला. "आसाच व्हता."

मग त्यानं मान वर करून ह्यांच्याकडं बघितलं. रागानं न्हाई, खरंच विचारायचं म्हणून विचारलं.

"आता ह्यो कुनाला दावू, मालक?"

रंग ओला होता, म्हणून तो वाळंपर्यंत आश्रुबा तिथंच बसून राहिला.