रुबीनाचे हात आणि माझं डावं चाक

मी एक जुनी, रंग उडालेली मोटार आहे. मित्रांनो, मला पळता येत होतं, थांबता येत होतं. फक्त सरळ जाता येत नव्हतं. त्याचीच ही गोष्ट.

कारखान्यातून आले तेव्हा मी चांगली ऐटदार उंच होते. पुसदच्या गुलाम नबींनी मला घेतलं. त्यांच्या दुकानाचे कापडाचे गठ्ठे, ईदचे पाहुणे, खेड्यापाड्यांचे रस्ते, सगळं मी निमूट पेललं. दर शुक्रवारी ते स्वतः मला पुसत. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि मी त्यांच्या मुलाच्या, शहजादच्या हाती आले. त्याला बुटक्या गाड्यांचं वेड. त्याने माझ्या स्प्रिंगा कापून मला खाली बसवलं. चौकातली पोरं माझे फोटो काढू लागली. मलाही ते आवडलं.

पण त्या दिवसापासून माझ्या अंगात चुळबुळ शिरली. सपाट रस्त्यावरही मी डगमगायची, उजवीकडे सरकायची. शहजाद स्टेअरिंग कायम जरा डावीकडे दाबून धरी. इतकी सवय झालेली, की हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग त्याच्या मोठ्या बहिणीला, रुबीनाला, फुलसावंगीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. रोज जायचं म्हणून ती माझ्यावर गाडी शिकू लागली. शहजाद शेजारी बसे.

"आपा, सरळ धर ना! कुठं चालली?"

"सरळच तर धरून राह्यली मी."

"मंग गाडी काय आपल्या मनानं चालली?"

हो, हो, असं मला ओरडावंसं वाटे. पण माझ्याकडे फक्त हॉर्न, आणि तोही दुसऱ्याला दाबावा लागतो.

एका दुपारी समोरून सोयाबीनची पोती लादलेला ट्रॅक्टर आला. मी नेमकी उजवीकडे ओढ घेतली. रुबीनाने करकचून ब्रेक दाबला. ट्रॅक्टर अगदी खेटून गेला. ती खाली उतरली आणि तिने शहजादला चालवायला बसवलं.

"माह्या हातालेच वळण नाही. नोकरी सोडतो मी," ती म्हणाली. घरी गेल्यावर तिने किल्ली अब्बांच्या हातात दिली. पुढचे काही दिवस मी अंगणात नुसती तळमळत उभी होते.

त्यातच माझं डावं पुढचं चाक पंक्चर झालं. शहजादने ते काढलं आणि रुबीना वाकून पाहू लागली. टायर बाहेरून नवा दिसत होता, पण आतली कड पार झिजून तारा उघड्या पडल्या होत्या.

"हे माह्या हातानं झालं काय?" तिने विचारलं. "गाडीच वाकडी असन. मले चाकं मोजून पाहाची आहेत."

दुसरा टायर चढवून दोघं मला पूनमसिंगच्या, चाकं सरळ जुळवून देणाऱ्या अलाइनमेंटच्या दुकानात घेऊन गेले. त्याने आधी चारही चाकांची हवा सारखी केली, मग मापं घेतली. यंत्राच्या पडद्यावर लाल आकडे उमटले.

"पाहा ताई, चाक वरून आत झुकलं की आकडा उणे होते. उजवं अर्धा अंश झुकलं, डावं दोन. तिकडची स्प्रिंग जास्त कापली, म्हणून गाडी उजवीकडं वढते. अन् चाकांची तोंडं पुढून फाकली, म्हणून ते डगमगते."

त्याने पान्हा फिरवून तोंडं जुळवली. तो आकडा हिरवा झाला.

"झालं!" शहजाद म्हणाला.

"काहून झालं? झुकण्याचा आकडा लालच हाये," रुबीना म्हणाली.

"तो पान्ह्यानं नाही जुळत या गाडीत," पूनमसिंग म्हणाला. "पूर्ण स्प्रिंगा टाका."

म्हणजे मी पुन्हा उंच होणार आणि शहजादची चौकातली शान जाणार होती.

"रोज मले बोलत होता तू," रुबीना हळूच म्हणाली. "मले वाटलं, माह्यातच खोट हाये."

तो खाली वाकला आणि माझ्या डाव्या चाकाकडे बघू लागला. मग म्हणाला, "टाका. कंपनीच्या उंचीच्या."

नव्या स्प्रिंगा बसल्यावर पुन्हा माप झालं आणि सगळे आकडे हिरवे झाले. मोकळ्या रस्त्यावर रुबीनाने क्षणभर स्टेअरिंगवरचे हात सैल केले. मी सरळ गेले! ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. "आपा, माफ कर," शहजाद एवढंच बोलला.

आता ती एकटीच मला फुलसावंगीला नेते. माझे फोटो कोणी काढत नाही. मात्र प्रत्येक खड्ड्यात मी धास्तावते. चाक पुन्हा वाकडं झालं तर?

मित्रांनो, गाडीची उंची बदललीत तर तिची चाकंही मोजा, आणि एक आकडा हिरवा झाला म्हणून उठू नका. आणि कोणी शिकताना चुकत असेल, तर त्याच्या हातांना नावं ठेवण्याआधी खाली वाकून एकदा आमच्याकडेही बघा.